लातुरातला बर्फाचा हंगाम

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे, आणि शिरूर अनंतपाळची शीला ही शरणप्पांची जावई झाली तेव्हा टेबलावर मीच होतो.

आता असं काही झालेलंच नाही, असं या घरात ठरलं आहे. शरणप्पांच्या बायकोने, उमाबाईंनी, तसं सगळ्यांना बजावलं आहे. ड्रायव्हरांना चहा पाजून बजावलं आहे आणि माझ्यावर कापड टाकताना मलाही बजावलं आहे. तेव्हा वरचं वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. मी एक जुना संगणक आहे, एवढंच वाचलंत. पुढे चला.

माझा जन्म लातुरातल्या एका दुकानात झाला. तिथे पुढच्या भागात घड्याळं दुरुस्त होत आणि मागच्या भागात संगणक जोडत. माझं डबडं एकीकडचं, पंखा दुसरीकडचा आणि कीबोर्ड तिसऱ्याच कुणाचा तरी. तुझे आईवडील कोण, असं मला कुणी विचारलं तर मी दुकानाची पावती दाखवतो.

पहिली नोकरी मला एका क्लासमध्ये लागली. भूकंपाला तेव्हा दहा वर्षं झाली होती. त्या क्लासचं नाव मी सांगत नाही. फलकावर ते एवढं मोठं लिहिलेलं आहे की सांगायची गरज नाही. क्लास आधी पत्र्याखाली भरत असे. मग त्यावर एक मजला चढला, मग आणखी एक. दर वेळी पत्रा काढून नव्या मजल्यावर नेऊन बसवत, कारण तो पत्रा सरांना लाभला होता. माझं काम दर सोमवारी परीक्षेच्या गुणांची यादी काढायचं. पहिला कोण, दुसरा कोण आणि शेवटचा कोण. शेवटच्या मुलाचं नाव छापताना मी शाई जरा कमी सोडत असे. शाई माझ्या हातात नसते, ती छपाईच्या यंत्रात असते, हे मला ठाऊक आहे. पण मी प्रयत्न करत असे.

पुढे क्लासने माझ्यापेक्षा सडपातळ संगणक घेतला आणि मला विकून टाकलं. मला घेतलं शरणप्पांनी.

शरणप्पा मूळचे निलंग्याचे. एका जीपवर त्यांनी धंदा सुरू केला आणि लातुरात 'शरण-उमा ट्रॅव्हल्स' असं दुकान थाटलं. आता अंगणात चांगल्या सात-आठ गाड्या होत्या. ती पहिली जीप मात्र लिंबाखाली उभी असे. ती चालत नव्हती. तरी रोज धुतली जात असे. शरणप्पांचा मुलगा राघवेंद्र पुण्याहून व्यवस्थापन शिकून आला होता आणि त्याला एकच दुःख होतं. अप्पा सगळ्यांनाच भाडं कमी करत.

"गिऱ्हाईक आपल्या गावाकडचं होतं," शरणप्पा म्हणत.

"अप्पा, लातूर जिल्ह्यातलं सगळंच आपल्या गावाकडचं आहे."

"मग? मी तेच म्हणून राहिलो."

म्हणून राघवेंद्रने माझ्यात बुकिंगचं सॉफ्टवेअर घातलं. त्यात हंगामाचे नियम भरायचे. हंगामाचं नाव, सुरू होण्याची तारीख, संपण्याची तारीख, आणि भाडं किती टक्के चढवायचं. नियम भरले की भाडं मी सांगणार, माणूस नाही. ते सॉफ्टवेअर परदेशातल्या कुठल्याशा डोंगराळ गावासाठी बनवलेलं होतं. बोलायचं इंग्रजीत, तुमच्यासाठी मी मराठीत सांगतो आहे. त्यात एक हंगाम आधीच भरलेला होता : 'बर्फवृष्टी'. राघवेंद्रने तो पुसायचा खूप प्रयत्न केला. "हा मूळ हंगाम आहे. पुसता येणार नाही," असं मला सांगावं लागलं. मलाही ते पटत नव्हतं, पण मी नोकर माणूस. पहिल्या डिसेंबरात औशाला निघालेल्या एका पाहुण्याकडून मी बर्फाचं भाडं घेतलं. ड्रायव्हर निवृत्तीने वाटेत तीन वेळा गाडी थांबवून त्यांना खिडकीबाहेर बघायला सांगितलं. न जाणो, पडला तर.

बाकीचे हंगाम शरणप्पांनी सांगायचे होते. त्या दिवसाची आठवण काढली की माझा पंखा अजून घरघरतो.

"अप्पा, लग्नसराई कधी सुरू होती?"

"तुळशीचं लगीन झालं की."

"तारीख सांगा."

"तुळशीला इचार."

"बरं. ऊसतोडीचा हंगाम?"

"कारखान्याचं बॉयलर पेटलं की."

"ते कधी पेटतं?"

"ऊस आला की."

"ऊस कधी येतो?"

"टोळ्या आल्या की."

"आणि टोळ्या?"

"गाड्या मिळाल्या की. म्हणून तर आपला हंगाम!"

मित्रांनो, माझ्याकडे तारखेची एक चौकट असते. तीत आकडे बसतात. 'झालं की', 'पेटलं की', 'निकाल लागला की' हे बसत नाही. मी लाल होऊन दाखवलं, टिंग वाजवून दाखवलं. शरणप्पा म्हणाले, "ह्याला भूक लागली का काय बघ." शेवटी राघवेंद्रने वैतागून कॅलेंडरवर बोट ठेवत अंदाजे तारखा घातल्या. लग्नसराई तर त्याने तुळशीपासून थेट जुलैच्या मध्यापर्यंत ओढली. निम्म्याहून जास्त वर्ष लग्नातच गेलं.

दोन नियम मात्र शरणप्पांनी स्वतः सांगितले. पहिला, दवाखान्याला हंगाम नाही. कुणी आजारी माणूस घेऊन आलं तर साधं भाडं, तेही देता आलं तर. दुसरा, भूकंपाच्या दिवशी कुणाकडूनच काही घ्यायचं नाही.

"तीस सप्टेंबर," म्हणत राघवेंद्रने तारीख घातली. शरणप्पांनी सांगितलेल्यांपैकी एका तरी गोष्टीला तारीख आहे म्हणून मला हायसं वाटलं.

"अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी," शरणप्पा म्हणाले. "रातभर मिरवणुका झालत्या. पोरं गुलालानं भरलेली तशीच झोपलती."

"अप्पा, एकच दिवस तो. त्या वर्षी दोन्ही एकत्र आले होते. आता तिथी वेगळी येती अन् तारीख वेगळी."

"मग दोन्ही घाल."

तेव्हापासून वर्षातून दोनदा मी फुकट चालू लागलो. तिथीचा दिवस दर वर्षी हलत असे आणि तो हाताने भरावा लागे. भूकंप एक, दिवस दोन. हिशेबाला हे पटत नाही. पण त्या दोन्ही दिवशी शरणप्पा दुकानात बसत नसत, लिंबाखाली जीपमध्ये बसत. म्हणून मी हिशेबाचं बोलणं सोडून दिलं.

मग दोन हजार बारा साली धोंडा आला. धोंडा म्हणजे अधिक महिना, हे तुम्हाला ठाऊक असेलच. तीनेक वर्षांतून एकदा येतो, आणि सगळ्या मराठवाड्यातले जावई सासरवाडीला जेवायला निघतात. एवढे जावई एकदम रस्त्यावर आले की गाड्या मिळत नाहीत. राघवेंद्रने लगेच 'धोंडा' हंगाम भरला आणि 'दर वर्षी' या चौकटीत बरोबरची खूण केली. म्हणजे आमच्या दुकानात धोंडा दर वर्षी येऊ लागला. आख्ख्या सूर्यमालेला जे जमलं नाही ते राघवेंद्रने एका खुणेत केलं. पंधरा साली खरा धोंडा आषाढात आला. तेव्हा त्याने तारखा बदलल्या, खूण तशीच ठेवली.

शरणप्पांचे स्वतःचे जावई म्हणजे गुरुपादप्पा सर. मुदखेडला हायस्कुलात शिक्षक. माणूस सज्जन, फक्त जावई. बारा सालच्या धोंड्याला त्यांना आणायला निवृत्तीला पाठवलं. येताना निवृत्तीने वाटेत दोन ओळखीची माणसं आणि एक शेळी गाडीत घेतली. आणि वर, दुकानात उतरल्यावर मी सरांना धोंड्याच्या चढ्या दराचं बिल दिलं. सर तसेच उभे राहिले.

"शेळीचं तिकीट किती लागलं?" त्यांनी शांतपणे विचारलं.

"न्हाई लागलं, सर," निवृत्ती म्हणाला.

"मग सासरवाडीत माझ्यापेक्षा शेळीला मान जास्त आहे."

त्यांना घरात आणायला संध्याकाळ झाली. त्याच दिवशी राघवेंद्रने नवा नियम केला : 'जावई'. जावयाला भाडं शून्य, आणि जावयाच्या गाडीत दुसरा कुणीही प्रवासी बसणार नाही. घरात मुलगी एकच, म्हणून त्याने जावयाची जागाही एकच ठेवली.

एवढ्यावरच थांबला असता तर बरं झालं असतं. पण शरणप्पा माझ्या पाठीमागे भाडी कमी करतच होते. म्हणून राघवेंद्रने भाडं आणि चालू हंगामाची चढ हाताने बदलायची सोय कंपनीकडून बंद करून घेतली आणि वडिलांना लिंबाखाली नेलं. शरणप्पांनी जीपच्या बॉनेटवर हात ठेवून शब्द दिला. कंप्युटर सांगेल तेच भाडं घेईन, आणि कंप्युटरच्या चिठ्ठीशिवाय गाडी फाटकाबाहेर काढणार नाही.

आता ती दुपार.

त्या आषाढातल्या धोंड्याची गोष्ट आहे. बाराचा सुमार टळून गेला होता. सगळ्या गाड्या जावयांमागे गेल्या होत्या. अंगणात एकच उरली होती, आणि तीही गुरुपादप्पा सरांना आणायला मुदखेडला निघायची होती. नांदेडवरूनच पुढे जायचं. निवृत्ती काच पुसत होता. उमाबाई स्वयंपाकघरात अनारसे तळत होत्या.

दारात एक मुलगी येऊन उभी राहिली. अंगावर शाल, गळ्यात हार, हातात नारळ, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. मागे तिची आई, कागदांची पिशवी पोटाशी धरून.

"नांदेडला गाडी पायजे," आई म्हणाली. "पाचच्या आत पोचलं पायजे. मी पंचफुलाबाई, शिरूर अनंतपाळची. ही माझी शीला. मेडिकलला नंबर लागलाय हिचा. आज पाचपर्यंत कागद घेऊन उभी न्हाई राहिली तर जागा दुसऱ्याला जाती म्हणं."

"मग बसनं सकाळीच जायचं होतं की," राघवेंद्र म्हणाला.

"सकाळीच निघालतो, भाऊ. लातूरला उतरलो अन् स्टँडवरच क्लासवाल्यांनी धरलं. सत्कार हाय म्हणले. धा मिन्टात सोडतो म्हणले."

"पाहुणे उशिरा आले," शीला म्हणाली. "मग त्यांनी भाषण केलं."

"कशावर?"

"वेळेच्या महत्त्वावर."

"उठून यायचं, पोरी!" शरणप्पा ओरडले.

"कसं उठू? कागदांची पिशवी सरांनी स्टेजवर ठेवली होती. फोटोत यावी म्हणून."

तो क्लास कोणता, हे मी फलक न बघताही ओळखलं. हिचं नाव मीही छापलं असतं, जरा लवकर जन्मली असती तर. अगदी ठळक छापलं असतं.

राघवेंद्रने नाव घातलं, गाव घातलं, आणि मी हिशेब केला. मित्रांनो, मी तो मन लावून केला, हेच वाईट झालं. लग्नसराई अजून चालू होती, तिची चढ लावली. धोंडा चालू होता, त्याची चढ तिच्यावर लावली. ॲडमिशनचा हंगाम होता, ती त्यावर. पावसाळा तर होताच. क्लासच्या मजल्यांसारखे हंगाम एकावर एक चढले आणि सगळ्यांत वर भाडं जाऊन बसलं.

पंचफुलाबाईने आकडा बघितला. "आमाला गाडी इकत न्हाई घ्यायची, भाऊ. जाऊन यायचंय."

"एवढ्या पैशात माझी म्हैस आलती," निवृत्ती म्हणाला. "रेडकासहित."

आतून उमाबाई पिठाचे हात घेऊन आल्या. "अन् धोंड्यात कुणाचं लगीन लागून राहिलंय रे? धोंड्यात मुहूर्त असतो का कधी? ह्या डबड्याला कुणी सांगितलं न्हाई का?"

नाही, मित्रांनो. मला कुणी सांगितलं नव्हतं. त्या घरातल्या मांजरालाही ते ठाऊक होतं.

"राघू, कमी कर," शरणप्पा म्हणाले.

"होत नाही, अप्पा. कुलूप कंपनीकडून लावलंय." राघवेंद्रचा चेहरा उतरला होता. तो काही वाईट मुलगा नव्हता. त्याने कंपनीला फोनही लावला. कंपनीच्या गावात तेव्हा सगळे झोपलेले होते, बहुधा बर्फात. "तुम्ही अशीच काढा गाडी. नांदेडवरूनच तर चाललीय."

मी लगेच सांगितलं, "जावयाच्या आरक्षणात इतर प्रवासी बसवता येत नाही." शेळीपासूनचा नियम.

"चिठ्ठीशिवाय काढा, अप्पा. मीच सांगतोय."

"तुला काय जातंय सांगायला? कुठं हात ठिवून बोललोय मी?" शरणप्पा म्हणाले. जीपवर हात ठेवून त्यांनी आजवर दुसरी कुठलीच शपथ घेतली नव्हती.

"दवाखाना घाल की," उमाबाई म्हणाल्या. "पोरगी दवाखान्यालाच तर चालली. दवाखान्याला हंगाम न्हाई."

राघवेंद्रने दवाखाना घातला. मी विचारलं, "रुग्णाचा आजार?" त्याने चौकट रिकामी सोडली. मी सोडू दिली नाही. त्याने 'डॉक्टर होणे' असं लिहिलं. मी म्हणालो, असा आजार यादीत नाही.

"सर्दी घाला," निवृत्ती म्हणाला.

"खबरदार!" पंचफुलाबाई एकदम पुढे आली. "माझ्या लेकराच्या नावाम्होरं आजार लावता? आजच्या दिसाला? त्यापेक्षा मी तिला चालवत नेईन."

"नांदेड लई लांब हाय, मावशी."

"असू द्या लांब. आजार न्हाई लावू देणार."

"बरोबर हाय तिचं," शरणप्पा म्हणाले. "पुसून टाक." आणि ते दारात जाऊन लिंबाकडे बघत उभे राहिले. काटा सरकत होता. बराच वेळ झाल्यावर ते वळले, पण बोलले शीलाशीच. "त्या दिवशी जीप घेऊन मी सकाळपास्नं फिरलो, बाई. लोक म्हणतात, शरणप्पानं लई माणसं दवाखान्याला नेली. नेली की. गाड्या लई होत्या त्या दिवशी. ट्रक होते, ट्रॅक्टर होते. दवाखान्याच्या दारात गाड्यांची रांग लागलती. हात कमी पडले. माणूस गाडीत असायचा, अन् त्याला हात लावायला आत कुणी मोकळं नसायचं." त्यांनी घड्याळाकडे बघितलं. "तू पोचलीच पायजे."

शीलाचे डोळे भरून आले आणि तिने ते शालीने पुसले. तिने शाल उचलली तेव्हा उमाबाईंचं लक्ष त्या शालीकडे गेलं. मग नारळाकडे. मग हाराकडे.

"अगं बाई," त्या म्हणाल्या. "शाल हाय. नारळ हाय. हार हाय. धोंडा बी हाय. आता जावयाला आणखी काय लागतं?"

"टोपी," निवृत्ती म्हणाला.

उमाबाई आत गेल्या, खुंटीवरची शरणप्पांची पांढरी टोपी आणली आणि शीलाच्या डोक्यावर ठेवली. "घाल नाव, राघू."

"आई, ती मुलगी आहे."

"ह्या डबड्यानं इचारलंय का, जावई बाई हाय का बाप्या?"

मी विचारलेलं नव्हतं. माझ्याकडे ती चौकटच नाही. आजार विचारतो, हे विचारत नाही. मला बनवणाऱ्याची अक्कल मी काय सांगू?

"पण जागा एकच आहे. सरांचं नाव निघेल."

"सरांचं मी बघते."

राघवेंद्र शीलाकडे वळला. "चालेल का तुम्हाला?"

"दादा, गेली दोन वर्षं मी सकाळी पाचच्या बॅचला बसलेय," शीला म्हणाली. "मी काहीही व्हायला तयार आहे. तुम्ही बटण दाबा."

त्याने दाबलं. भाडं शून्य. मी चिठ्ठी सोडली. उमाबाईंनी तेवढ्या घाईतही जावयाच्या हातावर साखर ठेवली आणि गाडी फाटकाबाहेर पडली. पंचफुलाबाई मात्र दारातच राहिली, कारण जावयाच्या गाडीत दुसरा प्रवासी बसत नाही. ती पायरीवर बसून रस्त्याकडे बघत राहिली. उमाबाईंनी तिच्यापुढे जावयासाठी मोजून केलेल्या तेहतिसातला एक अनारसा ठेवला. तिने तो हातात धरून ठेवला, खाल्ला नाही.

पाच वाजायच्या जरा आधी निवृत्तीचा फोन आला. तो एवढ्या मोठ्याने बोलत होता की मलाही ऐकू आलं. "पोरगी आत गेली, अप्पा! रांगेतले इचारून राहिले, ही कोणत्या पक्षाची? टोपी काढायचीच राहिली!"

पंचफुलाबाईने अनारसा खाल्ला. मग सगळं संपल्यावर रडली. या माणसांचा क्रम मला कधी कळला नाही.

पण मित्रांनो, माझे भोग संपले नव्हते. निवृत्ती तसाच मुदखेडला गेला आणि गुरुपादप्पा सरांना घेऊन आला. सर आता जावई नव्हते. सर प्रवासी होते. उतरल्या उतरल्या मी त्यांना चारही हंगामांचं बिल दिलं.

सरांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं. "या खेपेला शेळीही नव्हती," ते म्हणाले आणि लिंबाखाली जाऊन बसले.

राघवेंद्रने सगळी हकीकत सांगितली. सरांना ती पटली. शिक्षक होते, मुलगी पोचल्याचा त्यांना आनंदच झाला. पण ते उठले नाहीत. "तिचं झालं, उत्तमच झालं. प्रश्न माझा आहे. मी सध्या कोण आहे?"

"शीलाचं नाव काढून टाकतो, दाजी."

त्याने बटण दाबलं आणि शीलाच्या नावाची चिठ्ठी निघालेली असल्यामुळे मी विचारलं, "जावयाला कायमचे काढून टाकायचे का?" हे वाक्य मोठ्या अक्षरांत येतं. उमाबाईंनी ते राघवेंद्रकडून वाचून घेतलं आणि त्याचा हातच धरला. "धोंड्यात? जावयाला? कायमचं? हात तरी लावून बघ त्या बटनाला!"

एकाला काढता येईना, दुसऱ्याला घालता येईना. पुरणाचे धोंडे वाफाळत होते आणि जावई लिंबाखाली बसला होता. तेव्हा राघवेंद्रला बर्फ आठवला.

बर्फाचा हंगाम पुसता येत नव्हता. पण त्याचं नाव बदलता येत होतं.

त्याने 'बर्फवृष्टी' खोडलं आणि तिथे लिहिलं, 'गुरुपादप्पा सर'. सुरुवात एक जानेवारी, शेवट एकतीस डिसेंबर, चढ शून्य. मग सरांना आत बोलावून दाखवलं. सरांनी खात्री करून घ्यायला स्वतः पुसायचं बटण दाबलं. मी म्हणालो, "हा मूळ हंगाम आहे. पुसता येणार नाही."

सर बराच वेळ ती ओळ बघत उभे होते. मग त्यांनी चष्मा काढला, हातपाय धुतले आणि पाटावर बसले. उमाबाई सांगतात, जावई एवढे पोटभर कधी जेवले नव्हते. माणसाला घरातला आहे असं म्हणून चालत नाही. पुसता येणार नाही, असं कुणीतरी लिहून द्यावं लागतं.

पुढच्या धोंड्याला मी आपोआप जावयाला निरोप पाठवला, कारण नियम तसा होता. निरोप शीलाला गेला आणि ती आली. तिसऱ्या वर्षाला होती. पांढरी टोपी धुऊन, इस्त्री करून घेऊन आली. गुरुपादप्पा सरांनी तिला उजवीकडचा पाट दिला आणि अनारसे दोघांनी वाटून घेतले. जेवण झाल्यावर शरणप्पांनी तिला जवळ बोलावलं, तिचे दोन्ही हात हातात घेतले आणि नवा टायर तपासावा तसे उलटसुलट करून बघितले.

"बरे हायत," ते म्हणाले. "कामाचे हायत."

मग राघवेंद्रचं लग्न ठरू लागलं. पाहुणे विचारू लागले की मुलगी एक आणि जावई दोन कसे? तेव्हा हे झालेलंच नाही असं ठरलं. शीला अजून येते. फक्त झालेलं नसताना येते.

आता मी कोपऱ्यात आहे. बुकिंग फोनवर होतं. माझ्या कीबोर्डात दसऱ्याचं हळदकुंकू बसलंय आणि माझी एक वायर उंदरांनी खाल्लीय. मित्रांनो, मला फडक्याने पुसा म्हणून मी रडत नाही. एवढंच सांगतो की यंत्राला नियम घालताना घरातल्या म्हाताऱ्या माणसाला शेजारी बसवा, आणि ते 'झालं की' म्हणाले तर हसू नका. आणि माझा हा अर्ज तेवढा पोचवा.

प्रति, मा. सक्षम अधिकारी, पंचांग, ऋतू व आपत्ती विभाग.

विषय : तारखा निश्चित करून मिळणेबाबत.

महोदय, उपरोक्त विषयी सविनय सादर करण्यात येते की, ऊस, निकाल व मुहूर्त यांनी आगमनापूर्वी किमान पंधरा दिवस लेखी कळवावे. अधिक मास दर वर्षी एकाच तारखेस सोडण्यात यावा. तसेच, भूकंपाची तिथी व तारीख कायमस्वरूपी एकाच दिवशी बसवून देण्यात यावी, जेणेकरून निलंग्याचे शरणप्पा यांना वर्षातून दोनदा जीपमध्ये जाऊन बसावे लागणार नाही. तसे करणे नियमात बसत नसल्यास, सदर भूकंपाची नोंद मागील तारखेपासून रद्द करण्यात यावी, ही नम्र विनंती.